एका घटकाचे सात आठवडे: मुलांना काय कळलं ते पाहणं आणि त्यावरून शिकवणं बदलणं

घटक चाचणीचे गुण हाती येतात तेव्हा पुढचा घटक सुरू झालेला असतो. कोणाला काय कळलं नव्हतं ते समजतं, पण त्याचं काही करायची वेळ निघून गेलेली असते. म्हणून दशांश अपूर्णांकांचा घटक आम्ही दोघा शिक्षकांनी वेगळ्या क्रमानं घेतला. आधी मुलांची उत्तरं पाहायची आणि त्यावरून दुसऱ्या दिवशीचा तास ठरवायचा. वर्ग सहावीचा, पट ४०, रोज ४० मिनिटांचा एक तास. सुरुवात ५ ऑगस्टला, शेवटची पडताळणी २४ सप्टेंबरला. ज्यांना हे करायचं आहे त्यांना वेळ कुठे जातो, काय फसतं आणि का फसतं ते आधीच माहीत असावं, म्हणून तारखांसह लिहीत आहोत.

परवानगी आणि तयारी: १८ जुलै ते ४ ऑगस्ट

घटक संपेपर्यंत वह्यांवर गुण न देता फक्त शेरे द्यायचे होते. त्यासाठी १८ जुलैला मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला. होकार यायला ९ दिवस लागले. दोन अटी होत्या: दर पंधरवड्याला नोंदवही दाखवायची आणि पालकसभेत कारण स्वतः समजावून सांगायचं. अर्जासोबत नोंदवहीचं एक भरलेलं नमुना पान जोडा. आम्ही ते नंतर दिलं आणि अर्ज पुढे सरकला तो त्यानंतरच.

तयारीचा मोठा भाग निष्पत्ती, म्हणजे घटक संपल्यावर मुलाला काय करता आलं पाहिजे ते, लिहिण्यात गेला. ‘दशांश अपूर्णांक समजतात’ हे वाक्य कामाचं नाही, कारण समजणं डोळ्यांना दिसत नाही. त्याऐवजी चार वाक्यं लिहिली: दोन दशांश संख्यांची तुलना करून कारण सांगतो, संख्यारेषेवर दाखवतो, प्रत्येक अंकाची स्थानिक किंमत सांगतो, बेरीज-वजाबाकी योग्य मांडणीत करतो. प्रत्येक वाक्यापुढे तीन रकाने: पुरावा काय घ्यायचा, कधी घ्यायचा, आणि जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी काय करायचं. तिसऱ्या रकान्याला दोन संध्याकाळी लागल्या. पण पुढे सगळं त्यावरच चाललं. ज्या प्रश्नापुढे तो रकाना रिकामा राहिला तो प्रश्न आम्ही काढून टाकला. उत्तर बघून काही करणारच नसू, तर मुलांची दहा मिनिटं कशाला घ्यायची?

निदान: ५ ऑगस्ट

पहिल्या दिवशी १२ मिनिटांची चाचणी, गुणांशिवाय. गाभा होता चार जोड्यांचा. प्रत्येक जोडीतली मोठी संख्या ओळखायची:

३.७ आणि ३.४५
०.८ आणि ०.६२५
२.८१६ आणि २.७३
५.४७ आणि ५.३

पहिल्या दोन जोड्यांत कमी अंकांची संख्या मोठी आहे, शेवटच्या दोन जोड्यांत जास्त अंकांची. हे मुद्दाम केलेलं आहे. ‘जितके अंक जास्त तितकी संख्या मोठी’ असं मानणारं मूल पहिल्या दोन चुकतं आणि शेवटच्या दोन बरोबर देतं. ‘अंक जास्त म्हणजे संख्या लहान’ असं मानणाऱ्या मुलाचं नेमकं उलट होतं. दोघांनाही चारपैकी दोनच गुण मिळतील. गुणपत्रकात ही दोन मुलं एकसारखी दिसतात, पण त्यांचा गैरसमज परस्परविरुद्ध असतो आणि त्यावरचा उपायही. मेलबर्न विद्यापीठात के स्टेसी आणि व्हिकी स्टाइनल यांनी अशाच जोड्यांवरून मुलांच्या विचार करण्याच्या पद्धती ओळखण्याचं काम केलं आहे. ही कल्पना कोणत्याही विषयाला लावता येते: दोन वेगळे गैरसमज दोन वेगळी उत्तरं देतील असा प्रश्न शोधायचा.

चाचणीत फक्त पहिल्या प्रकारच्या जोड्या असत्या, तर ‘अंक जास्त म्हणजे लहान’ असं मानणारी सगळी मुलं हुशार ठरली असती. चुकीच्या कारणानं आलेलं बरोबर उत्तर चुकीच्या उत्तरापेक्षा जास्त फसवतं, कारण तिथे आपण थांबतच नाही.

त्या दिवशी ३७ मुलं हजर होती. कागद तपासले नाहीत, नुसते ढीग केले. २५ मिनिटं लागली. ‘लांब ती मोठी’ १३, ‘आखूड ती मोठी’ ६, चारही बरोबर १०, आणि कुठल्याच नमुन्यात न बसणारी ८. गैरहजर तिघांची नावं त्याच दिवशी वेगळी लिहून ठेवा. नाहीतर नेमकी तीच मुलं शेवटपर्यंत कुठल्याच ढिगात येत नाहीत.

पहिला प्रतिसाद आणि पहिली चूक: ६ ते ९ ऑगस्ट

६ ऑगस्टला आम्ही संपूर्ण वर्गाला एकच उपाय दिला: शंभर चौकोनांची चौकट रंगवणं. ०.७ साठी ७० चौकोन, ०.४५ साठी ४५. ‘लांब ती मोठी’ गटाला याचा लगेच उपयोग झाला. त्यांची अडचण वाचनात होती. ३.४५ हे ते ‘तीन पूर्णांक पंचेचाळीस’ असं वाचत होते, आणि पंचेचाळीस सातापेक्षा मोठे! ‘तीन पूर्णांक चार पाच’ असं अंक सुटे करून वाचायची सवय लावली की निम्मा गैरसमज तिथेच सुटतो.

‘आखूड ती मोठी’ गटाचं मात्र नुकसान झालं. सहस्रांश हा शतांशापेक्षा लहान तुकडा, म्हणून ज्या संख्येत सहस्रांश आहे ती लहान, असा त्यांचा विचार होता. चौकट पाहून लहान तुकड्याची कल्पना आणखी पक्की झाली. तुकडे किती आहेत हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नाही. ७ ऑगस्टपासून त्यांना संख्यारेषा दिली. २ ते ३ हा भाग, त्यातला २.८ ते २.९ हा तुकडा मोठा करून, मग त्यातला २.८१ ते २.८२. त्यावर २.८१६ स्वतः ठेवायचा आणि २.७३ कुठे येतो ते दाखवायचं.

एक पथ्य पाळलं. ‘उजवीकडे शून्यं लावून अंक सारखे करा आणि मग तुलना करा’ ही युक्ती तिसऱ्या आठवड्यापर्यंत सांगितली नाही. ती दिली की दोन्ही गटांची उत्तरं एका दिवसात बरोबर येतात आणि गैरसमज दिसेनासा होतो.

वर्गातले प्रश्न: दुसरा आठवडा

‘समजलं का?’ हा प्रश्न बंद केला. त्याला ‘हो’ हेच उत्तर येतं. हात वर करणंही बंद केलं, कारण रोज तीच सात-आठ मुलं बोलतात आणि त्यांच्या उत्तरांवरून आपण सगळ्या वर्गाचा अंदाज बांधतो. त्याऐवजी दोन गोष्टी केल्या.

पहिली, नावांच्या चिठ्ठ्या. आधी प्रश्न, मग शांतता, मग चिठ्ठी. हा क्रम उलटला आणि नाव आधी घेतलं, तर बाकीचे ३९ जण विचार करायचं सोडतात. शांतता किती? मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा शिक्षक सरासरी एका सेकंदाच्या आसपास थांबत होते. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलं बोलू लागली. आम्ही मनात पाचपर्यंत मोजत होतो. पहिले तीन-चार दिवस ही शांतता फार जड वाटते. ती सोसावी लागते.

दुसरी, पाट्या. सगळ्यांनी लिहायचं, पाटी छातीशी उलटी धरायची आणि ‘दाखवा’ म्हटल्यावर एकदम वर करायची. उलटी न धरण्याची सूट दिली की शेजाऱ्याचं पाहून पुसापुशी सुरू होते. पाट्या वाचताना आधी चुकीची उत्तरं शोधा. बरोबर उत्तरं आपोआप डोळ्यांत भरतात आणि चुकीची निसटतात.

तासाच्या मध्यावर एक निर्णायक प्रश्न ठेवला. त्याच्या उत्तरावर पुढची वीस मिनिटं ठरायची. १३ ऑगस्टचा प्रश्न असा होता: २.३ आणि २.४ यांच्या मधली संख्या कोणती? १) एकही नाही, २) २.३६, ३) २.०३५, ४) २.३०. मुलं बोटांनी पर्याय दाखवतात. पहिला पर्याय निवडणाऱ्यांना २.३ नंतर थेट २.४ येतो असं वाटतं. तिसरा निवडणाऱ्यांचं स्थान चुकतं. चौथा निवडणाऱ्यांना शून्य लावलं की संख्या थोडी वाढते असं वाटतं. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे असा एक ओळखीचा गैरसमज हवा. नुसता भरीला घातलेला पर्याय काही सांगत नाही.

नियम आधीच लिहिलेला होता. ८० टक्क्यांच्या वर बरोबर, तर पुढे जायचं आणि उरलेल्यांना नंतर गाठायचं. ३० ते ८० टक्के, तर जोडीत तीन मिनिटं चर्चा करून पुन्हा मत घ्यायचं. त्याखाली, तर वेगळ्या पद्धतीनं पुन्हा शिकवायचं. वरची मर्यादा शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या प्रभुत्व अध्ययनाच्या, म्हणजे आधीचा भाग पक्का झाल्यावरच पुढे जाण्याच्या, परंपरेतली. जोडीतल्या चर्चेची पद्धत हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात भौतिकशास्त्राच्या वर्गात रुजवली. त्या दिवशी ३९ पैकी १९ बरोबर होती. चर्चेनंतर ३१ झाली. चर्चेआधी कोणता पर्याय बरोबर आहे ते सांगू नका, चेहऱ्यावरूनही कळू देऊ नका.

जाता जाता चिठ्ठी

७ ऑगस्टपासून तासाच्या शेवटच्या चार मिनिटांत एका प्रश्नाची चिठ्ठी घेऊ लागलो. ए-४ कागद तीनदा दुमडला की आठ तुकडे होतात, म्हणजे ४० मुलांना पाच कागद. तीन ढीग: ‘जमलं’, ‘अर्धं जमलं’, ‘अजून नाही’. बारा मिनिटांत होतात. चिठ्ठीवर खुणा करायच्या नाहीत आणि ती परतही द्यायची नाही.

रोज चिठ्ठी घेणं आठवडाभरच टिकलं. तिसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या पिशवीत राहू लागल्या आणि दुसऱ्या दिवशीचा तास त्यांच्याशिवायच सुरू झाला. मग सोमवार आणि गुरुवार, एवढंच ठेवलं. ढिगांचा वापर मात्र अगदी ठरलेला होता. दुसऱ्या दिवशी पहिली आठ मिनिटं ‘अजून नाही’ गट एका शिक्षकासमोर फळ्याजवळ बसायचा, बाकीचे जागेवर एक कठीण उदाहरण सोडवायचे. गट दर वेळी नव्यानं करायचा. तीच मुलं सतत त्याच गटात बसली की मुलांच्या ते लक्षात येतं आणि गटाला नाव पडतं.

वह्या, शेरे आणि पालकसभा: १९ ते २४ ऑगस्ट

रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात ज्या मुलांना फक्त शेरे मिळाले त्यांचं काम सुधारलं. फक्त गुण मिळालेल्यांचं किंवा गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांचं तसं झालं नाही. गुण दिसला की मूल शेजाऱ्याचा गुण पाहतं आणि शेरा तसाच राहतो. परवानगी मागितली होती ती याचसाठी.

पण शेऱ्यांना वेळ लागतो. एका वहीला तीन मिनिटं धरली तरी ४० वह्यांना दोन तास. म्हणून वर्गाचे तीन भाग केले आणि रोज १३-१४ वह्या पाहिल्या. ‘छान’, ‘लक्ष दे’, ‘सराव हवा’ असे शेरे बाद केले, कारण ते वाचून मुलानं नेमकं काय करायचं ते कळत नाही. आमच्या शेऱ्याचा शेवट नेहमी एका कामानं व्हायचा: ‘उदाहरण ४ मध्ये दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह घेतलंस. ६ मध्ये तसं झालेलं नाही. ते पुन्हा मांड, आणि उत्तर ४ पेक्षा मोठं येईल की लहान हे आधी लिही.’ जिथे मूल स्वतः चूक शोधू शकतं तिथे एवढंच: ‘या पाचांत दोन चुकली आहेत. शोध आणि दुरुस्त कर.’

वही परत दिल्यावर त्याच तासात दहा मिनिटं शेऱ्याचं काम करायला द्या. पहिल्या दोन दिवशी आम्ही ते घरी करायला सांगितलं होतं. १४ पैकी पाच वह्यांत झालं होतं. वर्गात वेळ दिल्यावर सगळ्यांनी केलं. तेवढा वेळ देता येत नसेल, तर त्या दिवशी शेरेही लिहू नका.

२४ ऑगस्टच्या पालकसभेत पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे ‘गुण कुठे आहेत?’ हाच होता. लांब स्पष्टीकरणापेक्षा प्रत्येक पालकाच्या हातात पाल्याची वही दिली आणि शेऱ्याआधीचं व शेऱ्यानंतरचं उदाहरण शेजारी-शेजारी दाखवलं. घटक चाचणीचे गुण १८ सप्टेंबरपर्यंत मिळतील ही तारीखही सांगितली. तारीख ऐकल्यावर बरेच पालक निश्चिंत झाले.

सहाध्यायी, स्वतः, आणि मुलाखती: २६ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

सहाध्यायी मूल्यमापन पहिल्या दिवशी फसलं. मुलांनी मित्राच्या कामावर ‘मस्त’ लिहिलं, नाहीतर अक्षरावर टीका केली. निकष कागदावर होते, पण ते वापरायचे कसे हे मुलांनी कधी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः तयार केलेली तीन निनावी उत्तरं फळ्यावर लावली, एक चांगलं, एक मध्यम, एक चुकलेलं, आणि त्यांवर सगळ्यांनी मिळून निकष लावले. वाक्याची सुरुवातही दिली: ‘कारण पटलं, कारण…’, ‘इथे मला कळलं नाही की…’. चौथ्या दिवसापासून शेरे कामाचे झाले.

स्वयंमूल्यमापनात मुलं आधी हिरवा, पिवळा, लाल ठिपका द्यायची. लाल ठिपका देताना संकोच वाटतो, म्हणून जवळजवळ सगळे हिरवे आले. मग उत्तराशेजारी ‘खात्री आहे’ किंवा ‘अंदाज आहे’ एवढंच लिहायला सांगितलं. खात्रीनं चुकलेलं उत्तर आम्ही सर्वांत आधी हाताळायचो, कारण तिथे गैरसमज घट्ट बसलेला असतो.

सगळ्यांत जास्त माहिती दिली ती तीन मिनिटांच्या मुलाखतींनी. ‘अजून नाही’ ढिगात तीनदा आलेल्या नऊ मुलांना एकेक करून जवळ बोलावलं. एकच विनंती: ‘हे कसं केलंस ते मला बोलून दाखव.’ ऐकताना दुरुस्ती करायची नाही. हेच अवघड असतं. दुरुस्त केलं की मूल आपल्याला हवं ते बोलू लागतं. नऊपैकी तिघांचा प्रश्न दशांशाचा नव्हताच. तीन अंकी वजाबाकीत हातचा घेताना ती अडखळत होती. चाळीस चिठ्ठ्यांतून हे दिसलं नव्हतं.

घटक चाचणी: १० सप्टेंबर

२५ गुण, ४५ मिनिटं. संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या भागाला किती गुण ते, आधी केला: तुलना ८, संख्यारेषा ५, स्थानिक किंमत ५, बेरीज-वजाबाकी ७. तक्त्याशिवाय प्रश्न काढले की सोप्या रीतीनं तपासता येणारा भाग, म्हणजे बेरीज-वजाबाकी, अर्धी प्रश्नपत्रिका व्यापतो.

तपासल्यावर प्रश्नांचीही परीक्षा घेतली. गुणांनुसार उत्तरपत्रिका लावून वरच्या आणि खालच्या २७ टक्के घेतल्या, म्हणजे ४० पैकी ११ आणि ११. ‘३.७ + ०.४५’ हे उदाहरण वरच्या गटात १० जणांना आलं, खालच्या गटात ४ जणांना. फरक ६, भागिले ११, म्हणजे भेदनमूल्य ०.५५. वरचा आणि खालचा गट प्रश्न किती वेगळा दाखवतो, ते या आकड्यातून कळतं. प्रश्न चांगला. चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी अंक उजवीकडून जुळवून ०.८२ लिहिलं होतं, ३.७ मध्ये भर घालून उत्तर १ पेक्षा कमी कसं येईल, हा प्रश्न त्यांना पडला नाही. पुढच्या तासाचा विषय तिथेच मिळाला.

सहावा प्रश्न मात्र वरच्या गटात ५ आणि खालच्या गटात ६ जणांना आला. भेदनमूल्य उणे ०.०९. प्रश्न होता: ‘०.४ आणि ०.४० यांतील मोठी संख्या निवडा.’ उत्तरसूचीत ‘समान’ होतं, पण ‘निवडा’ म्हटल्यावर सूचना काटेकोर पाळणाऱ्या मुलांनी एका संख्येला गोल केला. चूक प्रश्नाची होती. तो रद्द करून त्याचा एक गुण सर्वांना दिला, नोंदवहीत कारण लिहिलं आणि मुख्याध्यापकांची सही घेतली. सहीसाठी दोन दिवस थांबावं लागलं, तरी गुण ठरल्याप्रमाणे १८ सप्टेंबरला दिले.

आकारिक नोंदींचा, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या नोंदींचा, शेरा लिहिताना ऑगस्टमधल्या ‘अजून नाही’ची सरासरी काढली नाही. प्रत्येक निष्पत्तीचा शेवटचा पुरावा धरला. पहिल्या आठवड्यात चुकलेलं आणि पाचव्या आठवड्यात नीट करणारं मूल ते काम करू शकतं. सरासरीत ते अर्धवट दिसतं.

२४ सप्टेंबर

चाचणीनंतरचा तो एक तास सोडला, तर मधले दोन आठवडे दशांशाला हात लावला नाही. मग न सांगता पुन्हा चार जोड्या, संख्या नव्या, रचना ५ ऑगस्टची. आठ मिनिटं. ४० पैकी तिघं ‘लांब ती मोठी’ नमुन्यात आणि दोघं ‘आखूड ती मोठी’ नमुन्यात परत आली. या पाचांपैकी दोघांना १० सप्टेंबरला तुलनेत पूर्ण गुण होते. त्यांच्या जुन्या उत्तरपत्रिका काढून पाहिल्या, तर दोघांनीही प्रत्येक जोडीत शून्यं लावलेली होती, आणि कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं. युक्ती विसरली आणि आधीचा विचार परत आला.

त्या पाचांसाठी मंगळवारी आणि गुरुवारी तासाची पहिली दहा मिनिटं ठेवली आहेत, शून्यांशिवाय, फक्त संख्यारेषेवर. पुढची पडताळणी १५ ऑक्टोबरला आहे. तिची पहिली जोडी नोंदवहीत लिहून ठेवली आहे: ७.०९ आणि ७.१.